रहीमसाहेबांचे पाच फॉरवर्ड

एप्रिल २०२४ मध्ये ईदेच्या सुमारास ‘मैदान’ हा चित्रपट आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव साठ वर्षांनी पुन्हा लोकांच्या तोंडी आलं. अंधेरी-जोगेश्वरीच्या आमच्या वस्त्यांत त्या आठवड्यात व्हॉट्सअपवर याद्या फिरत होत्या. १९५६ च्या ऑलिम्पिक संघात मुसलमान खेळाडू किती, १९६२ च्या सुवर्णपदक विजेत्या संघात किती, १९४८ मध्ये किती. याद्या बहुतेक बरोबर होत्या. अभिमान वाटण्यात गैर काहीच नाही. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही. रहीमसाहेबांनी मैदानावर नेमकं केलं काय?

प्रशिक्षक म्हणून त्यांची थोरवी सगळे सांगतात. चित्रपटात ती दिसते ती भाषणांतून, जिद्दीतून आणि आजारपणातून. प्रशिक्षकाचं खरं काम मात्र अकरा माणसांना कुठे उभं करायचं आणि चेंडू आपल्याकडे आला की त्यांनी कुठे पळायचं, हे ठरवण्याचं असतं. त्या कामाचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. म्हणून हा लेख. यात मुंबई बरीच आहे, कारण या गोष्टीचा मोठा भाग याच शहरातल्या मैदानावर घडला आहे.

पिरॅमिड: दोन, तीन, पाच

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. पण दोन्ही संघांची खेळण्याची रीत वेगळी होती. इंग्रजांचे सात-आठ खेळाडू पुढे असत. ज्याच्याकडे चेंडू, तो एकटाच समोरच्यांना चकवत जमेल तितकं पुढे जाई आणि बाकीचे त्याच्या मागे धावत. यालाच ड्रिब्लिंगचा खेळ म्हणत. अंगाने किरकोळ असलेल्या स्कॉटिश खेळाडूंनी दुसरा मार्ग धरला: चेंडू एकमेकांकडे द्यायचा. फुटबॉलमधल्या आक्रमणाचा सगळा इतिहास या दोन रीतींच्या भांडणातून पुढे सरकला आहे.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यातून एक मांडणी पक्की झाली. गोलकीपरच्या पुढे दोन बॅक, त्यांच्या पुढे तीन हाफ, आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड. २-३-५. कागदावर काढली तर उलटा मनोरा दिसतो, म्हणून तिला पिरॅमिड म्हणतात. पाच फॉरवर्डपैकी दोन कडेचे, म्हणजे विंगर. त्यांच्या आतल्या बाजूला दोन इनसाइड. आणि मधोमध सेंटर फॉरवर्ड. प्रत्येकाची जागा ठरलेली. विंगरने रेषेला चिकटून पळायचं आणि चेंडू मध्ये फेकायचा, सेंटर फॉरवर्डने तो गोलात घालायचा.

ब्रिटिश पलटणींबरोबर हीच मांडणी हिंदुस्थानात आली. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला. पहिली कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होता. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. पहिल्यांदा हा चषक हिंदी संघाच्या हाती लागला तो १९३७ मध्ये, आणि तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षी त्यांनीच तो राखला. १९४० मध्ये कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग रोव्हर्स जिंकून गेला. त्याच वर्षी त्यांनी दिल्लीत ड्युरँड चषकही जिंकला. त्याआधी १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग त्यांच्याकडे होती.

या विजयांकडे आज आपण कौमी अभिमान म्हणून पाहतो. तेव्हाही पाहिलं जायचंच, कारण ते दिवस धर्मावर बेतलेल्या संघांचे होते. मुंबईच्या क्रिकेटमध्ये हिंदू, मुस्लिम, पारशी अशा संघांची पंचरंगी स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. पण फुटबॉलच्या बाजूने पाहिलं तर मोहमेडनच्या यशाची कारणं साधी आणि समजण्यासारखी आहेत. त्यांनी बंगालबाहेरचे, बंगलोरपासून उत्तरेपर्यंतचे खेळाडू जमवले. बहुतेक हिंदी खेळाडू अनवाणी खेळत असताना त्यांनी पावसाळी, निसरड्या मैदानासाठी बूट घालण्याची तयारी केली. चेंडू लवकर पुढे नेण्याची त्यांची पद्धत होती. म्हणजे श्रद्धेइतकीच व्यवस्थाही त्या यशामागे होती.

जग पुढे गेलं, आपण तिथेच

१९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू मिळणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत. आता दोन पुरेसे झाले. आक्रमण सोपं झालं, गोल वाढले. त्यावर तोड म्हणून लंडनच्या आर्सेनल संघाने हर्बर्ट चॅपमन यांच्या हाताखाली मधला हाफ मागे ओढून तिसरा बॅक केला. त्याचं काम एकच: समोरच्या सेंटर फॉरवर्डला सावलीसारखं धरून ठेवायचं. दोन इनसाइडही थोडे मागे आले. वरून पाहिलं तर पुढचे पाच इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखे आणि मागचे पाच एम अक्षरासारखे दिसतात, म्हणून या मांडणीला डब्ल्यूएम म्हणतात.

हिंदुस्थानात मात्र पिरॅमिडच चालू राहिला. त्याला आपली कारणं होती. आपले खेळाडू अनवाणी खेळत. अनवाणी पायाला चेंडूची ओळख फार चांगली असते. चकवण्यात, चेंडू पायाशी खेळवण्यात हे खेळाडू अतिशय तरबेज होते. लोकही तेच पाहायला येत. पाच फॉरवर्ड, प्रत्येकजण आपापल्या माणसाला चकवणार, आणि टाळ्या पडणार. देशातले बहुतेक सामने ७० मिनिटांचे असत, त्यामुळे ९० मिनिटं धावण्याचा प्रश्नच येत नव्हता.

या खेळाची मर्यादा परदेशात उघडी पडली. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. दोन पेनल्टी वाया गेल्या, आणि निर्णायक गोल शेवटच्या मिनिटांत बसला. अनवाणी खेळाडूंच्या कौशल्याचं खूप कौतुक झालं. चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं हरवलं. आपला एकमेव गोल अहमद खानचा. चेंडू पायाशी खेळवण्यात अहमद खानचा हात धरणारा तेव्हा देशात क्वचितच कुणी असेल. म्हणजे कसब कमी नव्हतं. पण एकेक खेळाडू एकेकट्याने झुंजत होता आणि समोर अकरा जण मिळून खेळत होते. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. बूट घातले की खेळ बदलेल असं अनेकांना वाटलं. या दोन्ही गोष्टी एक नाहीत हे ओळखणारा माणूस त्या दौऱ्यात संघाबरोबरच होता.

हैदराबादचा मास्तर

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, आणि पेशाने शाळामास्तर. हैदराबादच्या वेगवेगळ्या शाळांत त्यांनी शिकवलं, पुढे शारीरिक शिक्षणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक.

मराठी वाचकाला हे हैदराबाद परकं वाटायचं कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच राज्यात होते. मराठवाड्यातल्या किती घरांतली मुलं उस्मानियात शिकली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्या राज्यातल्या मुसलमानांवर काय ओढवलं, हे मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्याच शहराचा पोलीस संघ मुंबईच्या कूपरेजवर येऊन रोव्हर्स चषक जिंकतो. एकदा नव्हे, १९५० ते १९५४ सलग पाच वेळा. या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, मोईन आणि लतीफ होते तसेच धर्मराज आणि फ्रुटोसही होते. संघाच्या नावात धर्म नव्हता. बंगलोर मुस्लिम्सपासून हैदराबाद पोलिसांपर्यंतचं हे अंतर तेरा वर्षांचं आहे, आणि त्या तेरा वर्षांत काय काय घडून गेलं ते आपण जाणतो.

मुंबईकरांनी पाच वर्षं हा संघ जवळून पाहिला. तो इतरांपेक्षा वेगळा का वाटायचा? कारण रहीमसाहेब मुलांना वेगळ्या रीतीने शिकवत. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या जिथे खेळाडूने आपल्या कमजोर पायानेच खेळायचं. डावखुऱ्याने उजव्या पायाने, उजव्याने डाव्या पायाने. ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धाही ते भरवत. चेंडू आला की लगेच द्यायचा.

यामागचा हेतू समजून घेतला पाहिजे. ज्याला दोन्ही पाय चालतात तो कोणत्याही बाजूला वळू शकतो, म्हणून त्याला एका ठरलेल्या जागी बांधून ठेवावं लागत नाही. आणि ज्याला एका स्पर्शात चेंडू द्यायचा आहे, त्याला चेंडू यायच्या आधीच पाहून ठेवावं लागतं की आपला माणूस कुठे आहे. म्हणजे चेंडू नसलेले बाकीचे नऊ-दहा जण कामाला लागतात. पिरॅमिडमधला फॉरवर्ड चेंडूची वाट पाहत उभा राही. रहीमसाहेबांचा फॉरवर्ड चेंडू नसताना पळत राही. मांडणी बदलण्याआधी त्यांनी माणसांच्या सवयी बदलल्या, आणि माझ्या मते हाच त्यांच्या कामाचा गाभा आहे.

मागे सरकलेला सेंटर फॉरवर्ड

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं. फुटबॉलच्या इतिहासात या सामन्याचं स्थान मोठं आहे. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिडेगकुटी पुढे उभाच राहत नव्हता. तो मागे, मैदानाच्या मध्याकडे येऊन खेळत होता. इंग्लंडचा मधला बॅक डब्ल्यूएमच्या शिकवणीप्रमाणे सेंटर फॉरवर्डला धरून ठेवणार. आता त्याने काय करायचं? हिडेगकुटीच्या मागे गेला तर गोलसमोर खिंडार पडतं आणि त्यात हंगेरीचे इनसाइड घुसतात. जागेवर थांबला तर हिडेगकुटी मोकळा राहतो. त्या दिवशी हिडेगकुटीने स्वतः तीन गोल केले.

या खेळाचा अभ्यास करणाऱ्यांत रहीमसाहेब होते. परदेशी पुस्तकं वाचावीत, दौऱ्यावर इतर संघांचा सराव पाहावा, आणि त्यातलं आपल्या मुलांना झेपेल तेवढं घ्यावं, अशी त्यांची रीत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांनी भारताला ज्या मांडणीत उतरवलं तिचं वर्णन इतिहासकार वेगवेगळं करतात. कुणी तिला डब्ल्यूएमचा बदललेला प्रकार म्हणतात, कुणी ब्राझीलने १९५८ मध्ये गाजवलेल्या ४-२-४ ची आधीची आवृत्ती. नाव काहीही द्या. पाच फॉरवर्ड आता एका रांगेत उभे नव्हते, आणि त्यातला एक मागे येऊन हाफ आणि फॉरवर्ड यांना जोडण्याचं काम करत होता, ही गोष्ट सगळ्याच वर्णनांत आहे.

या मांडणीचा सर्वांत मोठा फायदा झाला तो मुंबईच्या एका खेळाडूला. नेव्हिल डिसोझा, मूळचा गोव्यातल्या आसगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. मुंबईत तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅल्टेक्सकडून खेळला. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं आणि त्यातले तीन गोल नेव्हिलचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. चौथा गोल किट्टू ऊर्फ कृष्णस्वामीचा. गोलमध्ये उभा होता एस. एस. नारायण, तोही मुंबईच्या मैदानांवर घडलेला. माटुंग्याकडे खेळून मोठा झालेला हा गोलकीपर २०२१ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यात वारला. मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनावर ऑलिम्पिकची उपांत्य फेरी खेळलेला माणूस राहत होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल भारताचाच झाला, पुन्हा नेव्हिलचा. मग काही मिनिटांतच आघाडी गेली आणि सामना १-४ असा हातून गेला. चार वर्षांपूर्वीचा १०-१ लक्षात घेतला तर हा प्रवास किती मोठा होता ते कळतं. पुढे बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव होऊन भारत चौथा आला. नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता. हे सगळं घडलं तेव्हा जुनं हैदराबाद राज्य नकाशावरून जाऊन एक महिनाच झाला होता.

रहीमसाहेबांचं हैदराबाद आणि आपली मुंबई यांची चुरस देशातही रंगत होती. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन संतोष ट्रॉफी स्पर्धांत हैदराबादने अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवलं.

जर्नेल पुढे गेला

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताने फ्रान्सशी १-१ बरोबरी केली आणि हंगेरीशी १-२ असा हरला. पेरूविरुद्धही हार झाली आणि संघ गटातच बाद झाला. पण हा संघ आता कुणासमोर केवळ कौतुकासाठी उभा नव्हता. प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुळशीदास बलराम हे तिघे पुढच्या फळीत एकत्र आले होते आणि तिघांच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. प्रदीपकुमार कडेने वेगाने जाऊन जोरदार फटका मारणारा. चुनी चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चकवणारा. बलराम मागे येऊन दुसऱ्यांसाठी वाट काढून देणारा. ड्रिब्लिंगला मनाई करणाऱ्या मास्तरांनी चुनीचं ड्रिब्लिंग बंद केलं नाही. सगळ्यांना एका पासाची सवय लागली असेल तर एकाच्या चकव्याला अर्थ येतो, आणि बाकीचे तेवढ्या वेळात मोकळ्या जागा शोधतात.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर त्यांनी मांडणीपेक्षा माणूस मोठा कसा ठरतो हे दाखवलं. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ०-२ असं हरवलं. थायलंडविरुद्ध भारत ४-१ असा जिंकला, पण संघाचा सर्वांत भरवशाचा बॅक जर्नेलसिंग याच्या डोक्याला मार बसून टाके पडले. त्याला जपानविरुद्ध बसवावं लागलं. उपांत्य सामन्यात रहीमसाहेबांनी त्याला उतरवलं ते चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून. कॉलेजच्या दिवसांत तो त्या जागी खेळत असे, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ विजयात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवताना एक गोल प्रदीपकुमारचा आणि दुसरा जर्नेलचा. ज्या संघाने पहिल्या दिवशी हरवलं त्यालाच अखेरच्या दिवशी हरवलं, तेही बचावातला माणूस पुढे पाठवून.

त्या सामन्यात जवळपास सगळं स्टेडियम भारताविरुद्ध ओरडत होतं. इस्रायल आणि तैवानला वगळल्यावरून गुरुदत्त सोंधी यांनी घेतलेल्या भूमिकेचा राग त्यात होता. भारतीय खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते: त्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासलं होतं. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

अंधेरीतला आजचा खेळ

आता आपल्या उपनगरात येऊ. अंधेरी पश्चिमेच्या वीरा देसाई रोडवर शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल आहे. त्यातल्या फुटबॉल मैदानावर मुंबई सिटी एफसीचे घरचे सामने होतात. स्टेडियम लहान, सात हजारांच्या आसपास माणसं बसतात, त्यामुळे खेळ अगदी जवळून दिसतो. कोण कुठे उभा आहे हे पाहायला याहून चांगली जागा मुंबईत नाही.

या एकाच क्लबने काही वर्षांत आक्रमणाच्या दोन वेगळ्या रीती दाखवल्या. २०२०-२१ मध्ये सर्जिओ लोबेरा यांच्या संघाने लीग शिल्ड आणि चषक दोन्ही जिंकलं. करोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यात झाला. त्यांची रीत म्हणजे चेंडू मागून, सावकाश, लहान पासांनी वर न्यायचा. मोरोक्कोचा अहमद जाहू मध्ये खोल उभा राहून सगळा खेळ फिरवायचा. त्यांच्यानंतर आलेल्या डेस बकिंगहॅम यांनी खेळ जास्त वेगवान केला. ४-३-३, कडेने छांगते आणि बिपिन सिंग, चेंडू मिळताच सरळ पुढे. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवून हा एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब झाला. २०२२-२३ मध्ये त्यांनी २० सामन्यांत ४६ गुण मिळवून शिल्ड जिंकलं.

हे सामने पाहायला येणारी आपली मुलं या रीतींवर तासन् तास बोलतात. लोबेरांची बरी की बकिंगहॅम यांची? ‘फॉल्स नाइन’ म्हणजे काय, हे आठवीतला मुलगाही समजावून सांगतो: २००९ मध्ये मेस्सी मागे सरकला आणि बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच घरी ६-२ असं हरवलं. अगदी बरोबर. हीच कल्पना हिडेगकुटीची, आणि हीच कल्पना हैदराबादच्या एका मास्तरांनी पन्नासच्या दशकात आपल्या खेळाडूंना शिकवली, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

अजून एक गोष्ट मला या मुलांच्या खेळात दिसते. जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर, गोवंडी इथल्या बहुतेक मुलांना पूर्ण मापाचं मैदान मिळत नाही. ती खेळतात जाळीने वेढलेल्या छोट्या टर्फवर, दहा-बारा जण तासाचं भाडं वाटून घेतात. पाच विरुद्ध पाच. तिथे चेंडू पायाशी उत्तम राहतो, झटपट पास येतात. पण टर्फवर कड नसते. भिंतीला लागून परत आलेला चेंडू चालतो. लांब रेषेवरून पळणारा विंगर तिथे तयार होत नाही, आणि तीस-चाळीस मीटरवर कोण मोकळा आहे हे पाहण्याची सवयही लागत नाही. अनवाणी पायांनी एके काळी आपली मांडणी ठरवली होती, तशी आता टर्फची जाळी ठरवते आहे. त्यात मुलांचा दोष नाही. शहराने त्यांना जेवढी जागा दिली तेवढ्यातच ती खेळणार.

जागेबरोबर क्लबही गेले. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स अशा कंपन्यांच्या संघांवर मुंबईचा फुटबॉल उभा होता. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. या संघांत खेळणाऱ्याला नोकरी होती, सराव होता, वरच्या पिढीकडून शिकणं होतं. ती साखळी तुटली तसं तिच्यातलं ज्ञानही विखुरलं.

यादीच्या पुढे

आता पुन्हा त्या व्हॉट्सअपच्या याद्यांकडे. या देशात मुसलमानाला आपला हक्क सांगण्यासाठी पुन्हा पुन्हा नावं मोजून दाखवावी लागतात, हे मला समजतं. समोरचा विचारतो, तुम्ही देशासाठी काय केलंत, आणि आपण यादी काढतो. पण यादीत गेलेला माणूस फक्त नाव उरतो. त्याचं काम त्या यादीत मावत नाही. रहीमसाहेब ‘आपले’ होते एवढं सांगून आपण थांबलो, तर त्यांना विसरणाऱ्यांपेक्षा आपण फार वेगळं काही केलं असं म्हणता येणार नाही.

त्यांच्या पाच फॉरवर्डमध्ये बंगालचे होते, हैदराबादचे होते, आणि आपला मुंबईचा नेव्हिलही होता. ज्याच्याकडे चेंडू नाही तोही कामाचा असतो, हे त्यांनी या सगळ्यांना शिकवलं. हे शिकवण्यासाठी त्यांच्याकडे पैसा नव्हता, मोठं मैदान नव्हतं. शाळेतल्या शिक्षकाची शिस्त होती, वाचन होतं आणि मुलांना नीट पाहण्याची नजर होती. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळांत, उर्दू असोत की मराठी, पीटीचे मास्तर आजही आहेत. कमजोर पायाने खेळायची स्पर्धा भरवायला खर्च येत नाही. एका स्पर्शात पास द्यायचा नियम टर्फवरही लावता येतो.

एक काम मोठ्यांनीही करण्यासारखं आहे. जुन्या कंपनी संघांतून, हारवूड लीगमधून खेळलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या इमारतींत ती राहतात. शेजाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं. त्यांच्याकडे जा. सोबत वही आणि पेन न्या. संघात कोणत्या जातीधर्माचे किती होते, हे त्यांना नंतर विचारा. आधी विचारा, डाव्या विंगरकडे चेंडू असताना तुम्ही कुठे उभे राहत होता, आणि तिथे उभं राहायला तुम्हाला कुणी शिकवलं? जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा.